मुंबई ते तेल अवीव : अंतर किती?



भारतातले कोणी नातेवाईक इकडे यायचे ठरले की पहिला प्रश्न ठरलेला : "विमानाला किती तास लागतात?"

मुंबई ते तेल अवीव सरळ अंतर सुमारे ४,०५० किलोमीटर. बदलत गेली ती वाट. भारत व इस्राएल यांचे पूर्ण राजनैतिक संबंध १९९२ साली जुळले. त्याआधी बरीच वर्षे आपले लोक तिसऱ्याच देशात विमान बदलून ये-जा करीत. पुढे थेट विमान सुरू झाले, पण इस्राएली विमानांना सौदी अरेबियावरून जायला बंदी होती. ती तांबड्या समुद्रावरून खाली दक्षिणेला जाऊन, एडनच्या आखाताला वळसा घालून मुंबई गाठीत. आठेक तास लागत. मार्च २०१८ मध्ये एअर इंडियाचे दिल्लीचे विमान सौदीवरून इकडे आले, पण ती मुभा इस्राएली विमानांना नव्हती. २०२२ मध्ये सौदीने आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ओमानने त्यांनाही आकाश खुले केले. तेव्हापासून थेट उड्डाण साडेपाच-सहा तासांवर आले.

युद्धाच्या दिवसांत उड्डाणे रद्द होतात, तिकिटे महाग होतात, हे मान्य. पण शांततेच्या वर्षांत तरी आपण किती वेळा गेलो?

माझी आत्या लोदला राहायची. आपण तेल अवीवचा म्हणतो तो विमानतळ खरे तर लोदला लागूनच आहे. डोक्यावरून विमान गेले की ती म्हणायची, "हे मुंबईचं असेल." कोकणातल्या कबरस्तानात आजोबांची कबर नेमकी कोणती, हे आमच्या घरात तिला एकटीलाच ठाऊक होते. "लांब आहे, पुढच्या वर्षी जाऊ," असे आम्ही म्हणत राहिलो. आत्या गेली. नंतर मी एकटाच गेलो. झाडोऱ्यात दगड पुष्कळ होते, अक्षरे झिजलेली. आजोबांचा कोणता, हे सांगणारे कोणी उरले नव्हते.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे : "लांब आहे" ही सबब आता चालणार नाही. मुंबईत उतरल्यावर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट तासाभरात मांडव्याला पोचवते. किहीम, नवगाव तिथून जवळच. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, किहिमकर ही आडनावे आपली मुले इथे हिब्रूत लिहितात, पण त्या आडनावातले गाव किती जणांनी पाहिले आहे?

घरात कोणी वडीलधारे असतील, तर आजच त्यांच्याजवळ बसा. गाव कोणते, घर कुठल्या आळीत, कबर कोणत्या झाडाजवळ, सगळे लिहून घ्या. त्यांना प्रवास झेपत असेल तर सोबत न्या. विमानाची वेळ दोन तासांनी कमी झाली, पण त्यांच्याजवळचा वेळही रोज कमी होतो आहे.