विश्लेषण : बंद दाराआडच्या शुश्रूषेची तपासणी कशी करणार? इंग्लंडमधील यंत्रणा का कोलमडली?

इंग्लंडमध्ये लाखो वृद्ध, दिव्यांग आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींची देखभाल आता मोठ्या संस्थांत नव्हे, तर त्यांच्या राहत्या घरी होते. या सेवांचा दर्जा तपासून त्यांना जाहीर श्रेणी देणारी स्वतंत्र यंत्रणा तेथे २००९ पासून आहे. मात्र करोनानंतर या यंत्रणेच्या तपासण्यांची संख्या निम्म्याहून खाली आली. अनेक श्रेणी इतक्या जुन्या झाल्या, की त्यांच्यावर विसंबायचे कसे, असा प्रश्न कुटुंबांपुढे उभा राहिला. हे कसे घडले, घरात चालणाऱ्या शुश्रूषेची तपासणी मुळातच अवघड का असते आणि भारतात याबाबत काय स्थिती आहे, याचा हा आढावा.

तपासणी कोण करते?

‘केअर क्वालिटी कमिशन’ म्हणजेच सीक्यूसी ही इंग्लंडमधील आरोग्य आणि सामाजिक शुश्रूषेची नियामक संस्था. २००८ च्या कायद्यान्वये तिची स्थापना झाली आणि एप्रिल २००९ पासून तिचे काम सुरू झाले. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड येथे स्वतंत्र नियामक आहेत. सीक्यूसीकडे नोंदणी केल्याशिवाय संस्थांना घरी जाऊन अंघोळ घालणे, कपडे बदलणे, भरवणे अशी वैयक्तिक शुश्रूषा व्यवसाय म्हणून पुरवता येत नाही. तसे केल्यास तो गुन्हा ठरतो. नोंदणीकृत संस्था सीक्यूसीला वार्षिक शुल्क देतात आणि सीक्यूसीचा खर्च मुख्यतः त्यातून भागतो.

सेवा सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, आपुलकीची आहे का, गरजेनुसार बदलते का आणि तिचे व्यवस्थापन नीट आहे का, हे पाच प्रश्न तपासणीच्या मुळाशी आहेत. त्यांच्या उत्तरांवरून ‘उत्कृष्ट’, ‘चांगली’, ‘सुधारणा आवश्यक’ आणि ‘अपुरी’ यांपैकी एक श्रेणी मिळते. ही पद्धत २०१४ पासून लागू झाली. श्रेणी संकेतस्थळावर आणि संस्थेच्या कार्यालयात ठळकपणे लावावी लागते. सेवा घसरली तर इशारा देणे, नवे ग्राहक घेण्यास मनाई करणे ते थेट नोंदणी रद्द करणे, असे अधिकार सीक्यूसीला आहेत.

‘सपोर्टेड लिव्हिंग’ म्हणजे काय?

केअर होममध्ये राहण्याची जागा आणि देखभाल एकाच कराराखाली मिळते. ‘सपोर्टेड लिव्हिंग’मध्ये हे दोन्ही वेगळे असतात. व्यक्ती भाडेकरू म्हणून घरात राहते, भाडेकराराचे सगळे हक्क तिला मिळतात आणि देखभालीचे कर्मचारी दुसरी संस्था पाठवते. देखभाल करणारे पसंत नसतील, तर घर न सोडता ते बदलता यावेत, ही त्यामागची कल्पना. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा मानसिक आजार असलेल्या व्यक्ती एकेकट्या किंवा तीन-चार जण मिळून अशा घरांत राहतात. काही ठिकाणी कर्मचारी दिवसातून तासभर येतो, तर काही ठिकाणी रात्रंदिवस हजर असतो.

या व्यवस्थेला वेग मिळाला तो २०११ मधील एका प्रकरणामुळे. ब्रिस्टलजवळच्या ‘विंटरबोर्न व्ह्यू’ या खासगी रुग्णालयात बौद्धिक अक्षमता असलेल्या रुग्णांना होणारी मारहाण आणि छळ ‘बीबीसी’च्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमाने छुप्या कॅमेऱ्याने टिपला. ११ कर्मचारी दोषी ठरले, सहा जणांना तुरुंगवास झाला. तेथील एका वरिष्ठ परिचारकाने त्याआधीच सीक्यूसीकडे तक्रार केली होती, पण तिची दखल घेतली गेली नव्हती, हेही उघड झाले. अशा रुग्णांना संस्थांतून बाहेर काढून वस्तीत, घरात ठेवायचे, असे धोरण त्यानंतर सरकारने पुढे रेटले. माणसे संस्थेच्या भिंतींबाहेर आली. तपासणीचा प्रश्न मात्र त्यामुळे आणखी गुंतागुंतीचा झाला.

घरातील तपासणी अवघड का?

केअर होममध्ये निरीक्षक न सांगता जाऊ शकतो. जेवणघरात बसू शकतो, कोण किती वेळ घंटी वाजवत राहिले हे पाहू शकतो. खासगी घराच्या बाबतीत कायदाच त्याला अडवतो. सीक्यूसीच्या प्रवेशाच्या अधिकारातून खासगी निवासस्थाने वगळलेली आहेत. त्या घरात राहणाऱ्याची संमती असेल तरच निरीक्षकाला आत जाता येते. हे योग्यही आहे, कारण ते त्या व्यक्तीचे घर आहे, वॉर्ड नव्हे. पण जिला बोलता येत नाही, जी परक्या माणसाला घाबरते किंवा जी देखभाल करणाऱ्यावरच पूर्णपणे अवलंबून आहे, अशा व्यक्तीचे दार उघडणार कोण? अनेकदा ते उघडणाराही तोच कर्मचारी असतो, ज्याच्या कामाची तपासणी करायची आहे.

म्हणून तपासणीची सुरुवात कार्यालयातून होते. व्यवस्थापक जागेवर असावा म्हणून संस्थेला साधारण ४८ तास आधी कळवण्याचा प्रघात आहे. निरीक्षक भरतीची कागदपत्रे, पूर्वचारित्र्य पडताळणी, प्रशिक्षणाच्या नोंदी, प्रत्येकाचा देखभाल आराखडा, औषधे दिल्याचे तक्ते आणि भेटींच्या वेळा पाहतो. मृत्यू, गंभीर इजा किंवा छळाचा आरोप झाल्यास संस्थेने सीक्यूसीला कळवणे बंधनकारक असते. या सूचना तपासणीआधी वाचल्या जातात. त्यानंतर सेवा घेणारे आणि त्यांचे नातेवाईक यांना फोन केले जातात. हे काम अनेकदा स्वतः अशी सेवा घेतलेली किंवा आप्तांसाठी घ्यावी लागलेली माणसे करतात. संमती मिळाली तर काही घरांना भेटी होतात.

यातील सर्वात बोलका पुरावा म्हणजे भेटींच्या वेळा. सकाळी आठची भेट साडेदहाला होत असेल, तर मधुमेही माणसाचा नाश्ता आणि इन्सुलिन दोन्ही चुकतात. अर्ध्या तासाची भेट दहा मिनिटांत उरकली, तर अंघोळ कागदावरच होते. घरी दिल्या जाणाऱ्या देखभालीची भेट अपवाद वगळता अर्ध्या तासापेक्षा कमी नसावी, अशी शिफारस ‘नाइस’ या ब्रिटिश संस्थेने २०१५ मध्येच केली आहे. तरीही स्थानिक कौन्सिल मिनिटांच्या हिशेबाने सेवा विकत घेतात आणि दोन घरांमधील प्रवासाच्या वेळेचा मोबदला अनेक कर्मचाऱ्यांना मिळत नाही. निरीक्षकाला दिसणारी घाई बऱ्याचदा या हिशेबातून आलेली असते. त्यावर सीक्यूसीच्या श्रेणीने उपाय होत नाही.

‘सपोर्टेड लिव्हिंग’मध्ये आणखी एक फट आहे. सीक्यूसी फक्त वैयक्तिक शुश्रूषा तपासते, घर नव्हे. छत गळत असेल, जिना धोकादायक असेल, तर तो घरमालक आणि कौन्सिलचा विषय. जिथे केवळ बिले भरणे, खरेदी, सोबत अशीच मदत दिली जाते, ती सेवा सीक्यूसीच्या कक्षेतच येत नाही. काही ठिकाणी घरमालक आणि देखभाल करणारी संस्था कागदोपत्री वेगळ्या, पण व्यवहारात एकमेकींशी बांधलेल्या असतात. तेव्हा देखभाल करणारा बदलण्याचा हक्क नावापुरता उरतो.

यंत्रणा कोलमडली कशी?

मार्च २०२० मध्ये करोनामुळे नियमित तपासण्या थांबल्या. त्या पूर्वपदावर येण्याआधीच सीक्यूसीने स्वतःची फेररचना हाती घेतली. रुग्णालये, सामाजिक शुश्रूषा आणि प्राथमिक आरोग्य अशा क्षेत्रांत मुरलेल्या निरीक्षकांचे गट मोडून मिश्र पथके तयार केली गेली. नोव्हेंबर २०२३ पासून सर्व क्षेत्रांसाठी एकच मूल्यांकन चौकट आणि ३४ गुणवत्ता-विधाने आली. त्यासाठी उभारलेली संगणक प्रणाली मात्र धड चालली नाही.

सरकारने नेमलेल्या डॉ. पेनी डॅश यांनी याची चौकशी केली. त्यांचा अंतरिम अहवाल जुलै २०२४ मध्ये आणि अंतिम अहवाल ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. २०१९-२० मध्ये जवळपास १६ हजार असलेल्या तपासण्या २०२३-२४ मध्ये सात हजारांच्या खाली गेल्या होत्या. सुमारे पाचपैकी एका सेवेला कधीच श्रेणी मिळालेली नव्हती. सामाजिक शुश्रूषेतील एका संस्थेची श्रेणी तर ऑक्टोबर २०१५ मधील होती. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला कधी भेटलेलाच नसलेला निरीक्षक केअर होमची तपासणी करत असल्याचे उदाहरणही पुढे आले. अंतरिम अहवालानंतर तत्कालीन आरोग्यमंत्री वेस स्ट्रीटिंग यांनी ही संस्था आपले काम करण्यास सक्षम राहिलेली नाही, असे जाहीर केले. पुढे क्षेत्रनिहाय मुख्य निरीक्षकांची व्यवस्था परत आणण्याचे आणि प्रत्येक क्षेत्रासाठी वेगळी मूल्यांकन चौकट आखण्याचे काम सुरू झाले.

यातील खरे नुकसान आकड्यांपलीकडचे आहे. आईसाठी देखभाल संस्था निवडणारी मुलगी संकेतस्थळावर ‘चांगली’ ही श्रेणी पाहते. ती श्रेणी सहा वर्षांपूर्वीची असेल, तर दरम्यान व्यवस्थापक, मालक आणि निम्मे कर्मचारी बदललेले असू शकतात. श्रेणीच नसेल तर माणूस निदान चौकशी तरी करतो. शिळी श्रेणी मात्र त्याला निर्धास्त करते.

भारतीयांशी संबंध काय?

मनुष्यबळाच्या टंचाईमुळे फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रिटनने देखभाल कर्मचाऱ्यांसाठी व्हिसा खुला केला. त्यावर गेलेल्यांत भारतीयांची संख्या मोठी होती. पण परवाना देणारे गृहखाते आणि दर्जा पाहणारी सीक्यूसी यांच्यात ताळमेळ नव्हता. अस्तित्वातच नसलेल्या एका केअर होमच्या नावे २७५ प्रायोजकत्व प्रमाणपत्रे दिली गेल्याचे सीमा आणि स्थलांतर यंत्रणेच्या मुख्य निरीक्षकांच्या मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात नमूद आहे. त्याच महिन्यापासून इंग्लंडमधील प्रायोजक संस्थेला सीक्यूसीची नोंदणी सक्तीची झाली. जुलै २०२५ पासून या कामासाठी परदेशातून नवी भरतीच बंद करण्यात आली. दलालांना लाखो रुपये मोजून गेलेल्या अनेकांना तेथे कामच मिळाले नाही किंवा अपुरे मिळाले. नोकरी गेली तर व्हिसा जाईल, या भीतीने गप्प राहणारा कर्मचारी वृद्धाच्या हालांबद्दलही बोलत नाही. दर्जा तपासणीसाठी हा धोका वेगळाच आहे.

भारतात काय स्थिती?

संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालानुसार २०५० पर्यंत भारतात दर पाचांतील एक व्यक्ती ६० वर्षांवरील असेल. मुंबई-पुण्यात ब्युरोमार्फत १२ किंवा २४ तासांसाठी येणाऱ्या ‘मावशी’ आणि ‘मामा’ यांच्यावर हजारो घरे चालतात. मुले परदेशात आणि आईवडील इथे, अशा कुटुंबांचा तर तोच आधार. पण या सेवेसाठी सीक्यूसीसारखा नियामक नाही. महाराष्ट्राचा शुश्रूषागृह नोंदणी कायदा १९४९ चा, तोही खाटा असलेल्या संस्थांसाठी. ‘महारेरा’ने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी मार्गदर्शक तत्त्वे आणली. त्यांचा भर दारांची रुंदी, उद्वाहन, उतार, कठडे यांवर, म्हणजे इमारतीवर आहे.

घरपोच देखभाल देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान मानके यांची तरतूद ज्येष्ठ नागरिक कायद्यातील दुरुस्ती विधेयकात होती. ते डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले, स्थायी समितीकडे गेले आणि १७ व्या लोकसभेबरोबर २०२४ मध्ये व्यपगत झाले. त्यामुळे आज कुटुंबाच्या हाती आहे ती पोलीस पडताळणी, ओळखीतली शिफारस आणि फार तर बैठकीच्या खोलीतला कॅमेरा.

पुढे काय?

भारतात असा कायदा पुन्हा आणायचा झाल्यास इंग्लंडच्या अनुभवातून तीन गोष्टी घेता येतील. एक, नोंदणी ही फक्त सुरुवात आहे. ठरावीक मुदतीत पुन्हा तपासणी झाली नाही, तर दिलेल्या श्रेणीला मुदतबाह्य ठरवणारी तरतूद हवी. दोन, कागदांपेक्षा भेटीच्या प्रत्यक्ष वेळा आणि सेवा घेणाऱ्याशी कर्मचाऱ्याच्या गैरहजेरीत झालेले बोलणे यांना अधिक वजन हवे. तीन, तक्रार करणाऱ्या कर्मचाऱ्याला संरक्षण हवे, कारण बंद दाराआड रोज हजर असणारा साक्षीदार बहुधा तोच असतो. ‘विंटरबोर्न व्ह्यू’मध्ये तो बोलला होता, पण नियामकाने ऐकले नाही.