घरमालक झालेल्या आमच्या बांधवांना चार खडे बोल



घरभाडे भत्त्यासाठी आम्ही गेट मीटिंगा घेतल्या, काळ्या फिती लावल्या, दिल्लीपर्यंत मोर्चे नेले. सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ साली हा भत्ता ३०, २०, १० टक्क्यांवरून २४, १६, ८ वर आला. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर पोचला तेव्हा कुठे, जानेवारी २०२४ पासून, तो पूर्वपदावर गेला. हे पैसे शेवटी जातात कोणाकडे? घरमालकाकडे. आणि हा घरमालक पुष्कळ ठिकाणी आमचाच निवृत्त गार्ड, आमचाच निवृत्त पोस्टमन असतो. फंड आणि ग्रॅच्युइटी घालून त्याने घर बांधले, वर दोन खोल्या काढल्या. म्हातारपणी चार पैशांचा आधार हवा, त्याबद्दल त्याला कोणी बोल लावणार नाही.

आमची तक्रार वेगळी आहे. एका जंक्शनच्या गावी आमचा एक तरुण ट्रॅकमन बदलून आला. क्वार्टरच्या प्रतीक्षा यादीत त्याचे नाव कुठल्या कुठे. एका निवृत्त सभासदाची खोली रिकामी होती. भाडे ठरले, अनामत ठरली, मग आडनाव विचारले गेले. "घरच्यांना विचारून सांगतो" असे उत्तर मिळाले. ते सांगणे आजतागायत आलेले नाही. खोलीत मात्र पंधरा दिवसांत दुसरे बिऱ्हाड आले. हाच सभासद एके काळी द्वारसभेत एकजुटीच्या घोषणा देताना घसा बसेपर्यंत ओरडत असे.

बडोद्यात "मांसाहार चालणार नाही" म्हणून दार लावले गेले की आमचा मराठी माणूस चिडतो, युनियनकडे धाव घेतो. मग पुण्यात, नागपुरात आपल्या खोलीसाठी मुसलमान वा दलित सहकारी आला की त्यालाच एकदम घरच्यांची संमती का आठवते? रुळावर एकत्र घाम गाळायचा, पूर्वी तर आरएमएसच्या डब्यात रात्रभर एका दिव्याखाली टपाल लावायचे, आणि जिन्यापाशी आल्यावर जात काढायची!

दुसरी गोष्ट कागदाची. "अकरा महिन्यांचाच तर करार, नोंदणी कशाला?" हे वाक्य आम्ही शेकडो वेळा ऐकले. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून देशभर अकरा महिन्यांची पळवाट रूढ झाली. महाराष्ट्रात ती चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदलेलाच हवा, मुदत कितीही असो. ती जबाबदारी घरमालकाची. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कागद नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. म्हणजे नोंदणीचे थोडे पैसे वाचवणारा स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतो. उलट, लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही कोणी खोली सोडत नसेल, तर कायद्याने सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि दुप्पट दराने भरपाई मागता येते. पाणी तोडणे, वीज तोडणे हा मार्ग नव्हे. तो गुन्हा आहे.

अनामतीचे तर विचारू नका. केंद्राने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे. पण तो नमुना आहे, राज्याने कायदा केल्याखेरीज त्याला धार नाही. बंगळूरला दहा-दहा महिन्यांचे भाडे आगाऊ मोजणारे आमचे बांधव आहेत. त्यांची अनामत परत करताना "रंग काढावा लागला" म्हणून निम्मी रक्कम कापणारे महाभाग आमच्यातही निघतात.

मिळालेले क्वार्टर पोटभाड्याने देणाऱ्यांना तर आम्ही घरमालकही म्हणणार नाही. यादीतल्या सहकाऱ्याच्या तोंडचा घास काढून ते भाडे खातात. पकडले गेल्यावर शिस्तभंगाची नोटीस घेऊन शाखा कार्यालयात येतात. अशा प्रकरणात युनियनने वकिली करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मग त्याची वर्गणी कितीही नियमित असो.

"हा खाजगी व्यवहार, युनियनचा काय संबंध?" असे काहीजण विचारतील. दंडाच्या दराने भाडे कापले जाते, क्वार्टर न सोडल्याने रेल्वे ग्रॅच्युइटी अडवून धरते, तेव्हा हेच बांधव तो प्रश्न युनियनचा मानतात. मग आपल्याच सभासदाने आपल्याच सभासदाची अनामत अडवली की तो खाजगी कसा होतो?

प्रत्येक शाखेने कराराचा नमुना कार्यालयात ठेवावा. भाड्याची पावती मागणाऱ्या भाडेकरू सभासदाच्या पाठीशी उभे राहावे. आणि ज्या सभासदाला खोली द्यायची नसेल, त्याने कारण लिहून द्यावे. ते आम्ही पुढच्या सर्वसाधारण सभेत, त्याच्या नावासकट, वाचून दाखवू.