मामींची वही

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी वणीच्या पेठेतून चक्कर मारावी, म्हणजे दुकानादुकानांतून एकच थाट दिसतो. पाट, त्यावर लाल पुठ्ठ्याची चोपडी, पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक आणि 'शुभ लाभ'. माझ्या मामांचे किराणा दुकान त्यांतलेच एक. पण खरे सांगायचे तर कित्येक वर्षे त्या चोपडीत स्वस्तिकापलीकडे काही लिहिले जात नसे.

दोष एकट्या मामांचा नाही. पूर्वी व्यापारी दिवाळी ते दिवाळी असे वर्ष धरीत आणि आयकर खात्यालाही ते चाले. १९८९-९० या करनिर्धारण वर्षापासून १ एप्रिल ते ३१ मार्च हेच वर्ष सर्वांना सक्तीचे झाले. तेव्हापासून चोपडी देवाची आणि हिशेब सरकारचा, अशी जणू वाटणीच झाली. पुढे २०१७ च्या जुलैत जीएसटी आला, सारा कारभार संगणकावर गेला, आणि "आपल्याला काय कळतंय त्यातलं!" म्हणत मामांनी सगळी बिले पिशवीत भरून एका सल्लागाराकडे पोहोचती केली.

मामा कंपोझिशन योजनेत. दीड कोटीच्या आत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याने करपात्र विक्रीवर शेकडा १ रुपया भरायचा. गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घ्यायचा नाही आणि खरेदीवर दिलेल्या कराची वजावटही मागायची नाही. तिमाहीला एक भरणा, वर्षाला एक विवरणपत्र. मामा दर तिमाहीला १२,००० रुपये रोख त्या गृहस्थांच्या हातावर ठेवीत आणि निश्चिंत होत.

परवा श्रावणात एक वर्ष झाले, मामा बँकेत कर्ज मागायला गेले. बँकेने विवरणपत्रे मागितली तेव्हा कळले, की चार तिमाह्यांचा भरणाच झालेला नाही! सूचना का आली नाही? तर नोंदणीच्या वेळी सल्लागाराने स्वतःचाच मोबाइल नंबर लिहिला होता. ४८,००० रुपये गेले ते गेलेच. कर पुन्हा भरायचा, वर दरसाल शेकडा १८ व्याज आणि विलंबशुल्क. कायद्याच्या दृष्टीने देणेकरी मामाच.

त्यातही विक्रीचा आकडा कुठून आणायचा? विवरणपत्र न भरणाऱ्याचा कर अधिकारी स्वतःच्या अंदाजाने ठरवू शकतो. मामा डोके धरून बसले, तेव्हा मामी आतून म्हणाल्या, "अहो, माझ्या वहीत बघा की."

मुलांची शाळेची उरलेली वही. रोज रात्री दुकानाची फळी लागली, की मामी त्यात तीनच गोष्टी लिहीत : आलेला गल्ला, झालेला खर्च, दिलेली उधारी. एक दिवस चुकलेला नव्हता. (आजारपणात मुलीकडून लिहून घेतलेले दिवससुद्धा होते!) त्या वहीवरून नव्या माणसाने दोन दिवसांत चारही तिमाह्या उभ्या केल्या.

आयकराच्या कायद्यात छोट्या धंद्याला एक सवलत आहे. उलाढाल २ कोटींच्या आत असली, तर विक्रीच्या ८ टक्के, आणि बँकेमार्फत आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा धरून मोकळे होता येते. कीर्द-खतावणीचा आग्रह नाही. सवलत चांगलीच, पण मला ती जरा फसवी वाटते. सरकारला नफ्याचा अंदाज पुरतो. द्राक्षांचे पैसे हाती आले की देतो म्हणणाऱ्या कोणत्या शेतकऱ्याकडे किती अडकले आहेत, हे मात्र त्या अंदाजातून मामांना कसे कळावे?

म्हणून सारे कर स्वतःच भरा, असे मी म्हणणार नाही. दर बदलतात, नियम बदलतात. भागीदारी असेल, नोकर असतील, परराज्यात माल जात असेल, तर सनदी लेखापालाची फी वाचवण्यात शहाणपणा नाही. पण रोजमेळ आपल्या हातचा हवा, मोबाइल नंबर आपला हवा, आणि पैसे भरल्याचे चलन त्याच दिवशी डोळ्यांनी बघायला हवे. एवढ्याला संगणकाची पदवी लागत नाही.

गेल्या दिवाळीत मी वणीला होतो. पाटावर चोपडीशेजारी मामींची वही ठेवलेली. हळदकुंकू वाहून, आरती होऊन प्रसाद वाटला जातो न जातो, तोच मामींनी ती वही उचलली.

"अगं, असू दे की थोडा वेळ पूजेत," मामा म्हणाले.

"आणि आजचा गल्ला कोण लिहिणार?"