पाहुण्यांनी आधी गावाला विचारावं

सुटी लागली की शहरातली माणसं बेटावर जायचा बेत करतात. कुणी अंदमानला जातं, कुणी लक्षद्वीपला. ज्यांच्या खिशात तेवढं नसतं ते मालवणला येतात, कारण तिथे समुद्रात सिंधुदुर्ग किल्ला आहे आणि तोही बेटच आहे. निघायच्या आधी हे लोक तिकडच्या माणसाला गाठून सगळं विचारून घेतात. ताजी मासळी कुठे मिळेल, होडी किती वाजता सुटते, कुठल्या महिन्यात यावं, खोली स्वस्त कुठली. चांगलंच आहे हे. विचारून येणारा पाहुणा न विचारता येणाऱ्यापेक्षा कधीही बरा. पण एवढ्या विचारपुशीत एक प्रश्न काही येत नाही. आम्ही यावं का? किती जणांनी यावं? आणि आमच्यासाठी तुमच्या जमिनीवर जे बांधणार आहेत, ते तुम्हाला पाहिजे आहे का?

जंगलातल्या गावांच्या पत्रकात समुद्राचं काय काम, असं कुणी म्हणेल. काम आहे. आपल्याकडेही धबधब्यापाशी, धरणाच्या पाण्यापाशी पर्यटनाच्या पाट्या दिसायला लागल्यात. समुद्रकाठाला हे वारं आपल्या आधी लागलं. सिंधुदुर्ग 1997 सालीच पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तिकडे काय झालं ते बघितलं तर आपल्याकडे काय येऊ घातलंय ते कळेल, म्हणून आम्ही काही जण मालवण तालुक्यात आचऱ्याला जाऊन चार दिवस राहून आलो.

आधी स्थानिक माणसाच्या सल्ल्याची किंमत सांगतो. 1664 साली शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाला हात घातला. त्यासाठी कुरटे बेट निवडलं, कारण भोवताली पाण्याखाली खडक आहेत आणि वाट माहीत नसलेलं जहाज तिथे फुटतं. ही वाट माहीत कुणाला? तिथल्या कोळ्यांना. बेट दाखवणाऱ्या कोळ्यांना गावं इनाम दिली, असं तिकडे सांगतात. म्हणजे राजानेसुद्धा स्थानिकाला विचारलं, आणि त्या ज्ञानाचा मोबदला जमिनीत दिला. आज तेच ज्ञान एका मासळीच्या थाळीबरोबर फुकटात मागतात, आणि ऐकत मात्र नाहीत. आचऱ्याची खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे ओहोटीला पाणी आत ओढतं. काठावरचा मच्छीमार ओरडून सांगतो, पोहू नका. पाहुणा म्हणतो, मला पोहता येतं. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात, तेव्हाही हुज्जत घालणारे असतातच.

तिकडे रापण बघितली. मोठं जाळं होडीतून अर्धगोल टाकत नेतात आणि त्याची दोन टोकं काठावरून माणसं ओढतात. वीस-तीस माणसं लागतात, जास्तही लागतात. जी मासळी येईल तिचे वाटे पडतात. आपल्याकडे शिकारीचा वाटा पडायचा तसंच, म्हणून आम्हाला ते लगेच समजलं. पण रापण ओढायला वाळू मोकळी लागते. तिथे खुर्च्या, छत्र्या आणि पाण्यावरच्या स्कूटरी आल्या की जाळं लावायचं कुठे? पाहुणा रापणीचे फोटो काढतो, हौसेने दोरालाही हात लावतो, आणि त्याच्याच सोयीसाठी उद्या ती वाळू अडवली जाते. मच्छीमाराच्या नावावर किनाऱ्याचा सातबारा नसतो. वापर पिढ्यानपिढ्यांचा, कागद शून्य. ओळखीचं वाटतंय ना? फरक एवढाच की आपल्या हातात निदान 2006 चा वनहक्क कायदा आहे. समुद्रावर जगणाऱ्यांना असा कायदा अजून मिळालेला नाही.

आता आचऱ्याची मुख्य गोष्ट. तिथे गावपळण असते. चार वर्षांनी एकदा, रामेश्वराचा कौल घेऊन अख्खा गाव तीन दिवस आणि तीन रात्री गाव सोडून जातो. माणसं जातात, गुरं जातात, कोंबड्या-कुत्रीसुद्धा नेतात. बाजारपेठ बंद, चुली बंद. सगळ्या जाती-धर्माचे लोक जातात. शिवेच्या बाहेर माळावर, रानात झोपड्या उभ्या करतात. तिथेच रांधतात, भजनं करतात, गप्पा मारतात, पोरं उंडारतात. तीन दिवसांनी पुन्हा कौल घेतात. देवाने हो म्हटलं तर घरी येतात, नाहीतर मुक्काम वाढतो. शेजारच्या चिंदर आणि वायंगणी गावांतही गावपळणीची रीत आहे. आम्ही गेलो तेव्हा गावपळण नव्हती. पण तिच्याबद्दल सांगताना म्हाताऱ्यांचे डोळे पोरांसारखे चमकत होते.

लोक हिच्यामागे देवाधर्माच्या कथा सांगतात. वर्तमानपत्रवाले अंधश्रद्धा म्हणतात, नाहीतर नवल म्हणून छापतात. आम्हाला मात्र तिच्यात एक नियम दिसला. गाव उठायचं तर ते कुणी ठरवायचं? गावाने. किती दिवस? तेही ठरलेलं. परत यायचं? हो, परत यायचंच. शहरातला माणूस सुटीला जातो तेव्हा दुसऱ्याच्या गावात जाऊन राहतो. आचऱ्याचा माणूस स्वतःच्याच शिवेपलीकडे जातो, कुणाच्या पोटावर पाय देत नाही, आणि मागे तीन दिवस गावाची माती विसावा घेते. सुटी म्हणायची तर हिलाच म्हणावी.

आणि याच भागात, तोंडवळी-वायंगणीच्या सड्यावर सरकारने सी वर्ल्ड नावाचा प्रकल्प आणायचं ठरवलं. पाहुण्यांना मासे दाखवायचे. ज्या समुद्रकाठी जिवंत मासे रोज दारात येतात, तिथे ते काचेमागे दाखवायचे, तिकीट लावून. त्यासाठी सुरुवातीला तेराशे एकरांहून जास्त जमीन मागितली होती. लोक उठले, तेव्हा आकडा बराच खाली आणला. आम्ही म्हणतो, एवढी जमीन खरंच लागत होती तर ती कमी कशी झाली? आणि लागत नव्हती तर मागितली कशाला? सडा म्हणजे पडीक कातळ, असं कागद म्हणतो. पण त्याच कातळावर गुरं चरतात, कडेला आंबा-काजू उभा असतो, पावसाचं पाणी तिथेच मुरून खालच्या विहिरींना मिळतं. आपल्या जंगलालाही असंच पडीक म्हणून किती वेळा लिहून नेलंय! ज्या वायंगणीत देवाला विचारून गाव उठतो आणि परत येतो, तिथे न विचारता उठवायला निघाले. धरणाखाली गेलेल्या आपल्या पाड्यांना विचारा, सरकारी गावपळणीतून कोण परत आलंय.

बेटांवर आदिवासी राहतात हे सुटीचा बेत करणाऱ्याला बहुतेक ठाऊकच नसतं. अंदमानात जारवांच्या राखीव जंगलातून रस्ता काढला. तो बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 सालीच सांगितलं होतं. तरी पर्यटकांच्या गाड्या चालूच राहिल्या, आणि 2012 मध्ये जारवा बायांना खाण्याच्या वस्तूंसाठी नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर गाजली. लक्षद्वीपची गोष्ट वेगळी. तिथले जवळजवळ सगळे रहिवासी अनुसूचित जमातीत मोडतात. बाहेरच्याला तिथे जायला परवाना लागतो, आणि तिथली जमीन त्याला विकत घेता येत नाही. म्हणून तिथे अजून बेटावर बेटाची माणसं आहेत. बंधन असलं की पाहुणे येत नाहीत, हे खोटं आहे. तिथे जायला लोक धडपडतात.

आता आपल्या पोरांचं म्हणणं. ती म्हणतात, पर्यटन आलं तर गावात काम मिळेल, विटभट्टीला, ऊसतोडीला जावं लागणार नाही. हे म्हणणं उडवून लावायचं नाही. मालवणकडे कितीतरी घरांनी दोन खोल्या पाहुण्यांना दिल्यात. घरची बाई रांधते, सोलकढी-भात वाढते आणि पैसा घरात राहतो. खोली तिची, दार तिचं, नको असलेल्या माणसाला ती नाही म्हणू शकते. तीच बाई उद्या हॉटेलात भांडी घासायला लागली तर पगार मिळेल, पण नाही म्हणता येणार नाही. आपल्याकडे रिसॉर्टवर तारपा वाजवायला बोलावतात. पैसे देतात, जेवायला मागच्या दाराने बसवतात. तारपा आपला, नाच आपला, पण कधी नाचायचं ते जेवणाऱ्याच्या घड्याळावर. आम्हाला हे जारवांच्या रस्त्यापेक्षा फार लांबचं वाटत नाही.

‘येवा, कोकण आपलोच आसा’ ही पाटी तिकडे खूप दिसते. बोलावणं गोड आहे, पण ते गावाने दिलंय की पाटीवाल्याने, ते तपासावं लागतं.

बोलावणं द्यायचा हक्क आपण ग्रामसभेत बजावू शकतो. वनहक्क कायद्याच्या कलम 5 ने जंगल, पाणी, जीव आणि आपली संस्कृती राखायचा अधिकार ग्रामसभेला दिलेला आहे. 2013 साली ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर बारा ग्रामसभा बसल्या आणि बाराही जणींनी खाण कंपनीला नको म्हटलं. ते थेट नको होतं. पर्यटनाला आपण अटींवर हो म्हणू शकतो. देवराईत आणि मसणवटीत कुणी जायचं नाही. पाणवठ्यावर गाडी धुवायची नाही. दिवसाला किती गाड्या ते ग्रामसभा ठरवेल. वाट दाखवायला गावचाच माणूस न्यायचा आणि त्याची मजुरी आधी ठरवायची. नाच सणालाच होईल, तेव्हा या आणि बघा. राहायचं तर घरात राहा, नवीन बांधकामाला जमीन मिळणार नाही. हे सगळं तोंडी बोलून उपयोग नाही. ठराव लिहून, सह्या-अंगठे घेऊन, एक प्रत पंचायतीत द्यायची आणि पोच घ्यायची. बायांच्या सह्या खाली कोपऱ्यात नकोत, बरोबरीने पाहिजेत.

तुमच्या शिवारात पर्यटनाची पाटी लागली असेल तर तिच्यावर कुठल्या खात्याचं किंवा कंपनीचं नाव आहे, जागा कुठली आहे, सर्व्हे नंबर किंवा कंपार्टमेंट नंबर काय आहे, तिथे कुणाचा दावा दाखल आहे का, आणि ग्रामसभेला कधी विचारलं होतं का, एवढं एका कागदावर लिहा. पुढच्या बैठकीला येताना तो कागद बरोबर आणा.