सुखाच्या मोजणीत कोण कोण?

वीस मार्च म्हटले की आपल्याला महाड आठवते. १९२७ साली याच दिवशी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१२ साली हाच दिवस ‘आंतरराष्ट्रीय आनंद दिन’ ठरवला, हे मात्र आमच्या बऱ्याच वाचकांना ठाऊक नसेल. अर्थात हा योगायोग. पण या आनंदाच्या कल्पनेमागे भूतान हा चिमुकला बौद्ध देश आहे, म्हणून आम्ही जरा खोलात शिरलो.

देशाची प्रगती नुसत्या उत्पन्नावरून मोजू नये, प्रजेचे सुखही मोजावे, हा विचार तेथील चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी १९७० च्या दशकात मांडला. २००८ च्या राज्यघटनेत तो आला. पाहणी करणारे लोकांना विचारतात: झोप किती तास मिळते? शेजाऱ्यावर विश्वास आहे का? प्रकृती, शिक्षण, कारभार, निसर्ग असे एकूण नऊ विभाग आहेत. मुलाबाळांचे करणे, ज्याचा कुणी पगार देत नाही, तेही कामाच्या तासांत धरतात. आपल्याकडे चूल, पाणी आणि लेकरे सांभाळणारी बाई ‘काही करत नाही, घरीच असते’ म्हणून सांगितली जाते. तेव्हा ही गोष्ट आम्हाला फार आवडली. २०१० च्या पाहणीत तेथेही बायका पुरुषांपेक्षा कमी सुखी निघाल्या, आणि तसे त्यांनी छापलेही.

कौतुक झाले. आता दुसरी बाजू. बौद्ध देश म्हणून डोळे झाकून घेणे आम्हाला जमणार नाही.

१९८८ साली दक्षिण भूतानात शिरगणती झाली. तेथील नेपाळी भाषिक शेतकऱ्यांकडे १९५८ सालची करपावती मागण्यात आली. तीस वर्षांपूर्वीचा कागद! आपल्या किती घरांत आजोबांची अशी पावती निघेल? ज्यांच्याकडे ती नव्हती, त्यातले कितीतरी परके ठरले. पुढे धरपकड झाली, आणि १९९० नंतर सुमारे एक लाख माणसे देशाबाहेर पडली. पूर्व नेपाळात झापा आणि मोरंग जिल्ह्यांतील छावण्यांत, बांबूच्या झोपड्यांत, त्यांनी पंधरा-वीस वर्षे काढली. २००८ पासून त्यांतील बहुतेकांना अमेरिका व इतर देशांनी घेतले. मायदेशी परत जाणे झाले नाही. २०२२ साली भूतानने ११ हजारांवर लोकांना सुखाचे प्रश्न विचारले. बाहेर गेलेल्यांना विचारणार कोण?

महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला होता. तळे भरलेले होते, ठराव दप्तरात होता, आणि आपल्या माणसांना पाणी मिळत नव्हते. त्या वर्षी कुणी महाडच्या सुखाची मोजदाद केली असती, तर आपली घरे कोणत्या रकान्यात लिहिली असती?