मानवी हाताचे वावडे

निसर्गाची छायाचित्रे आणि शिल्पे एकाच दालनात मांडू नयेत, असे मानणारा एक रसिकवर्ग आहे. छायाचित्र निसर्गाला जसेच्या तसे दाखविते, शिल्प हे माणसाने घडविलेले. दोहोंना शेजारी बसविले की पहिल्याचे सोवळे मोडते, असा त्यांचा युक्तिवाद. आम्हांस तो मुळीच मान्य नाही.

या सोवळ्याला नियमाचा आधार आहे, हे आम्ही जाणतो. निसर्ग-छायाचित्रणाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत माणसाच्या कृतीचा मागमूस, तो निसर्गकथेचा अविभाज्य भाग असल्याखेरीज, चालत नाही. स्पर्धेपुरता हा नियम योग्यच आहे. बंगळूरचे कै. टी. एन. ए. पेरुमाळ यांनी टिपलेल्या पक्ष्यांपुढे व वन्यप्राण्यांपुढे आम्हीही नतमस्तक होतो. परंतु स्पर्धेचा नियम हा पाहण्याचा नियम नव्हे. क्षण, प्रकाश व चौकट निवडणारा माणूस चौकटीबाहेर उभा राहिला म्हणून नाहीसा होत नाही.

संशय असेल त्याने एखाद्या रविवारी लालबागेत जावे. तेथील खडक सुमारे 300 कोटी वर्षांचा. त्याच्या माथ्यावर केंपेगौडांचा बुरूज, पायथ्याशी हैदर अलीने 1760 मध्ये आरंभिलेली बाग. यांतला निसर्ग कोणता आणि घडविलेले कोणते, हे सुरी घेऊन वेगळे करून दाखवावे! वेरूळचे कैलास लेणे तर सह्याद्रीचा कातळ वरून खाली कोरूनच निघाले. ज्याच्या कारकिर्दीत ते झाले असे मानतात, तो राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण आपल्या आणि या कानडी भूमीच्या समाईक इतिहासातला. तेथे डोंगर कोठे संपतो आणि शिल्प कोठे सुरू होते?

म्हणूनच 2023 मध्ये येथील कस्तुरबा रस्त्यावर 'म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी'ची वास्तू खुली झाली, तेव्हा ज्योती भट्ट यांची छायाचित्रे आणि स्टीफन कॉक्स यांची पाषाणशिल्पे एकाच छताच्या आश्रयास आली, हे आम्हांस उचित वाटले. भट्टांचा विषय रानावनाचा नव्हे, खेड्यातील भिंतींवरच्या व अंगणांतल्या लोककलेचा. पण माती आणि हात यांचे नाते ती चित्रे लपवीत नाहीत.

हा वाद केवळ दालनातला असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. या शहराची तळी बहुतांशी माणसांनीच बांध घालून निर्माण केली. जेथे हात लागला तो निसर्ग नव्हे, असे एकदा ठरले, की तळे बुजल्याचे दुःख कोणी करावे? धर्मांबुधी तळ्याच्या जागी आज बसस्थानक आहे, संपंगी तळ्याच्या जागी क्रीडांगण. आपण मात्र दूरच्या अरण्यातील वाघाच्या चित्रापुढे उभे राहून हळहळतो!

तेव्हा छायाचित्र आणि शिल्प शेजारी अवश्य मांडावे. फक्त शिल्पाखाली दगडाच्या खाणीचे आणि चित्राखाली त्या स्थळाचे नावही लिहावे. पाहणाऱ्याला आपल्या हाताची जबाबदारी कळली, तरच त्या मांडणीचे सार्थक झाले असे आम्ही समजू.