गायरान कसणारांची नावे कागदावर आणा



धम्मदीक्षा घेऊन वर्ष-दोन वर्षे झालेल्या कुटुंबांकडून आमच्याकडे जी पत्रे येतात, त्यांपैकी बहुतेकांत एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारलेला असतो. बौद्ध झालो, मनावरचे ओझे उतरले; परंतु घरची चूल पूर्वीप्रमाणेच दुसऱ्याच्या शेतावरील मजुरीवर पेटते, त्याचे काय? काही पत्रलेखक याहीपुढे जाऊन लिहितात की, सरकारच्या दारी मागणे घेऊन जाणे स्वाभिमानी बौद्धास शोभत नाही. हा विचार दिसावयास उदात्त आहे, पण तो चुकीचा आहे. आणि त्याचा समाचार घेतल्यावाचून आम्हांस पुढे जाता येत नाही.

दीघनिकायातील कूटदंत सुत्त आपण वाचावे, निदान विहारात कोणाकडून वाचून घ्यावे. मोठा यज्ञ करावयास निघालेल्या एका ब्राह्मणास तथागत त्यात एका राजाची कथा सांगतात. त्या राजाच्या राज्यात चोऱ्या व लुटालूट माजली होती. राजाचा पुरोहित त्यास म्हणतो की, वध, बंधन आणि दंड यांनी हा उपद्रव मिटणार नाही. शेती करणारास बियाणे द्या, व्यापार करणारास भांडवल द्या, चाकरी करणारास पुरेसे वेतन द्या, म्हणजे तो आपोआप मिटेल. दारिद्र्य हे मागल्या जन्मीच्या पापाचे फळ नसून राज्यकारभाराचा प्रश्न आहे, ही गोष्ट त्या कथेत स्पष्ट आहे. मग राज्याने आपले कर्तव्य करावे असा आग्रह धरणाऱ्या बौद्धास याचक कोण म्हणेल?

परमपूज्य बाबासाहेबांनी हा आग्रह जन्मभर धरला. १९३७ साली त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोतीविरोधी विधेयक आणले. १९४७ साली घटना समितीपुढे मांडलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात, शेतजमीन राज्याच्या मालकीची करून ती जातपात न पाहता गावकऱ्यांस सामुदायिक रीतीने कसण्यास द्यावी, असे त्यांनी सुचविले. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर हा धागा कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी उचलला. १९५९ साली भूमिहीनांचा पहिला मोठा सत्याग्रह झाला. पुढे १९६४ च्या ऑक्टोबरात संसदेवर मोर्चा नेऊन रिपब्लिकन पक्षाने पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांस दहा मागण्यांचे निवेदन दिले आणि ६ डिसेंबरपासून देशभर सत्याग्रह पुकारला. लाखो स्त्रीपुरुष तुरुंगात गेले. कडेवर मूल घेऊन तुरुंगाची वाट धरणाऱ्या मायबहिणी आपल्याच वस्त्यांतील होत्या. आजही कोठे कोठे त्यांची नातवंडे त्या आठवणी सांगतात.

त्या मागण्यांचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लागावे ही मागणी १९९० साली पुरी झाली. बौद्ध धम्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या लोकांस सवलती मिळाव्यात, हीही मागणी त्याच वर्षी संसदेने कायदा करून मान्य केली. महाराष्ट्राने आपल्यापुरत्या त्या १९६० सालीच दिल्या होत्या. दिल्लीस आणखी ३० वर्षे लागली. धान्याच्या न्याय्य वाटपाची मागणी २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात कायद्याच्या रूपाने आली. परंतु पडीक जमीन भूमिहीनांस द्या, ही जी सर्वांच्या जिव्हाळ्याची मागणी, ती अर्धीमुर्धीच राहिली. चित्र लावण्यास खिळा पुरतो. जमीन देण्यास कोणाची तरी पकड सैल करावी लागते.

अर्धीमुर्धी का म्हणतो, ते सांगतो. मराठवाड्यात, विदर्भात आणि अन्यत्रही शेकडो गावांत आपल्या लोकांनी गायरानाच्या खडकाळ जमिनी फोडून, दगड वेचून, बांध घालून त्या पिकाखाली आणल्या. बीड जिल्ह्यात एकनाथ आवाड यांनी मानवी हक्क अभियानाच्या द्वारे अशा मातंग, बौद्ध व इतर भूमिहीनांस संघटित केले. या रेट्यामुळेच २८ नोव्हेंबर १९९१ रोजी राज्य सरकारने निर्णय काढला की, मागासवर्गीय भूमिहीनांनी शेतीसाठी केलेली १४ एप्रिल १९९० पर्यंतची सरकारी जमिनीवरील अतिक्रमणे नियमित करावीत. निर्णय निघून तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तरीही बाप कसत होता तीच जमीन आज लेक कसतो आहे आणि सातबाऱ्यावर मात्र ‘सरकार’ हेच नाव आहे, अशी कुटुंबे आमच्या वकिलीत आम्हांस वारंवार भेटतात. नाव नाही म्हणून पीककर्ज नाही, विहीर नाही, अतिवृष्टीने पीक वाहून गेले तर नुकसानभरपाईही नाही.

त्यातच भीतीची भर पडली आहे. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयात गायरानांचा प्रश्न आला, तेव्हा गावोगाव नोटिसा लागल्या. पुष्कळांनी त्या नोटिसा पाहून हाय खाल्ली. परंतु त्याच २०११ च्या निकालात न्यायालयाने अपवादही सांगितला आहे : भूमिहीन मजुरांस किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांस सरकारी अधिसूचनेन्वये जमीन पट्ट्याने दिलेली असेल, तर तेथे नियमितीकरणाचा विचार होऊ शकतो. नोटीस हातात पडली की निकालाचा पूर्वार्ध सर्वांस ऐकू येतो. उत्तरार्ध वाचून दाखविणारा कोणी नसतो. तो अपवाद आपणांस लागू आहे असे म्हणावयाचे तर सरकारचा आदेश आणि आपले नाव यांची सांगड कागदावर असली पाहिजे. नुसती वहिवाट तोंडी सांगून भागत नाही.

म्हणून कागदाविषयी सविस्तर बोलू. तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना १-ई या नावाची अतिक्रमणांची नोंदवही असते. १९९० पूर्वीच्या वर्षांत आपल्या वडिलांचे वा आजोबांचे नाव तीत असेल, तर त्याहून मोलाचा पुरावा दुसरा नाही. तलाठी नक्कल देत नसेल तर माहिती अधिकार कायदा, २००५ अन्वये अर्ज करावा. ३० दिवसांत उत्तर देणे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. अतिक्रमणाबद्दल त्या काळी झालेल्या दंडाची पावती घरात कोठे पत्र्याच्या पेटीत पडली असेल, तर ती शोधावी. जी पावती अपमान म्हणून आजोबांनी दडवून ठेवली, तीच आज त्यांच्या ताब्याची साक्ष देते! पंचनामे, फौजदारी खटल्यांचे कागद, सत्याग्रहातील शिक्षेचे दाखले, ग्रामपंचायतीचे ठराव हे सारे जमवावे. अर्ज तहसीलदारांकडे द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतल्यावाचून कचेरी सोडू नये.

हे काम एकट्यादुकट्याने करू नये, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. एका गावातील वीस कुटुंबांनी वीस वेगवेगळ्या दिवशी अर्ज दिले तर ते वीस टेबलांवर हरवतात. एकाच दिवशी, एकाच यादीसह दिले तर ते एक प्रकरण होते. वस्तीतील मॅट्रिक झालेल्या दोन मुलामुलींनी महिनाभर संध्याकाळी विहारात बसावे आणि घरोघरचे कागद पाहून यादी करावी. वंदना झाल्यावर एक तास एवढेच मागणे आहे.

आता जातीच्या दाखल्याचा नाजूक प्रश्न. दीक्षेच्या उत्साहात काहींनी जुने शाळेचे दाखले फाडून टाकल्याचे आमच्या ऐकिवात आहे. तसे कृपा करून करू नका. अनुसूचित जातीचा दाखला मिळण्यास १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, आणि तो बहुधा आजोबा-पणजोबांच्या शाळेतील नोंदीतच सापडतो. धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ असेच लिहावे, त्यात तडजोड नाही. परंतु दाखल्यावर पूर्वाश्रमीच्या अनुसूचित जातीचा उल्लेख येतो म्हणून दीक्षा विटाळते, असे मानण्याचे कारण नाही. तो उल्लेख म्हणजे हिंदू समाजाने केलेल्या अन्यायाची सरकारदरबारी राहिलेली नोंद होय.

ज्यांच्याजवळ गायरानाचाही तुकडा नाही, त्यांच्यासाठी २००४ साली दादासाहेबांच्याच नावाने सबलीकरण व स्वाभिमान योजना निघाली. दारिद्र्यरेषेखालील अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध भूमिहीन कुटुंबास ४ एकर जिरायती किंवा २ एकर बागायती जमीन विकत घेऊन द्यावी, अशी ती योजना आहे. २०१८ पासून तिचा सारा खर्च अनुदानातून होतो. योजना चांगली आहे. अडते ते इतकेच की सरकारी भावात जमीन विकणारा गावात सहसा मिळत नाही, आणि मिळाला तर तो आपला निकृष्ट माळ पुढे करतो. तरीही अर्ज करावा. अर्जच आले नाहीत तर उद्या मागणीच नव्हती, असे उत्तर मिळेल. अर्ज जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्याकडे द्यावयाचा असतो. विधवा व परित्यक्ता भगिनींस या योजनेत प्राधान्य आहे, आणि जमीन पती-पत्नी दोघांच्या नावे होते. गायरानाच्या अर्जातही पत्नीचे नाव घालण्याचा आग्रह घरातील पुरुषांनी स्वतः धरावा. दगड तिनेही वेचले आहेत.

वकिलाचा खर्च झेपत नाही म्हणून कोणी स्वस्थ बसू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ याच्या कलम १२ अन्वये अनुसूचित जातीच्या व्यक्तीस आणि कोणत्याही स्त्रीस, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तालुका विधी सेवा समितीची कचेरी तालुक्याच्या न्यायालयाच्या आवारात असते. तेथे साध्या कागदावर केलेला अर्ज चालतो, आणि लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेले तेथील माणसाने लिहून घ्यावयाचे असते.